तगरीवरचा चोर

आमच्या अंगणातली तगर आईच्या मालकीची. सकाळी परडी घेऊन ती झाडाखाली उभी राहते आणि हाताला येतील तेवढी फुलं देवासाठी काढते. उरलेली झाडावर शोभतात. एका श्रावणात तिनं मला हाक मारली ती तक्रारीच्या सुरात. शेंड्याकडच्या तीन फांद्यांवर एकही पान उरलं नव्हतं. कोवळे देठ तेवढे उभे, जणू कुणी बसून भाजी निवडावी तशी पानं खुडून नेलेली. पहिला संशय शेजारच्या शेळीवर गेला. पण शेळीनं मागचे पाय टेकून मान कितीही ताणली तरी ती तिथवर पोचली नसती.

"औषध मारून घे," आई म्हणाली.

"थांब जरा," म्हणून मी खाली फरशीकडे बघितलं. झाडाचा चोर वर शोधत बसायचं नसतं, आधी खाली बघायचं असतं. फरशीवर काळ्या मिऱ्याएवढ्या लेंड्या पडल्या होत्या. हातात घेऊन पाहिल्या तर उभे कंगोरे असलेल्या, एखाद्या पिंपाच्या आकाराच्या. एवढी मोठी लेंडी टाकणारा जीव लहान असणार नाही. लेंड्यांच्या बरोबर वरची फांदी धरली आणि एकेक पान बघत गेलो. वीस मिनिटं गेली. तीनदा तरी मी त्याच फांदीवरून नजर फिरवली असेल. चौथ्या वेळी एक पान जरा जाड वाटलं. ते पान नव्हतं. माझ्या करंगळीहून लांब आणि तिच्याएवढीच जाड अशी हिरवी अळी देठाला धरून निवांत बसली होती.

मी मुद्दाम अळी म्हणतोय. मराठीत सुरवंट म्हटलं की अंगावर केस आले आणि केसांबरोबर खाज आली. शेवग्यावरचा तो सुरवंट, लहानपणी मानेवर पडून रात्रभर जागवणारा तो सुरवंट. हिच्या अंगावर एक केस नाही. शेपटीकडे एक छोटं, खाली वळलेलं, पिवळट नारिंगी शिंग मात्र आहे आणि त्या शिंगाची उगाच दहशत आहे. तिळाच्या शेतात अशीच शिंगवाली, याहून मोठी अळी सापडते, ती हिच्याच कुळातल्या दुसऱ्या पतंगाची. या कुळातल्या बहुतेक अळ्यांना शिंग असतं आणि ते कुणालाही टोचत नाही. हातावर घेतली तर पायांनी जरा गुदगुल्या होतात, एवढंच.

ही अळी ज्याची, त्या पतंगाचं शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. इंग्रजीत त्याला ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात. ओलिअँडर म्हणजे आपली कण्हेर, म्हणून मी घरात त्याला कण्हेर-पतंग म्हणतो. लिनियसनं १७५८ साली त्याचं नामकरण केलं तेव्हा त्याला 'स्फिंक्स नेरी' म्हटलं होतं. या कुळातल्या अळ्या डिवचल्या की अंगाचा पुढचा भाग उचलून डोकं आत ओढून घेतात. त्या बैठकीत लिनियसला इजिप्तचा स्फिंक्स दिसला. आपल्याकडचा कुणी असता तर त्याला फणा काढायच्या बेतातला नाग दिसला असता. कारण याच बैठकीत हिच्या डोक्यामागे दोन डोळे उघडतात. निळसर पांढरे, काळ्या कडेचे, काचेच्या मण्यासारखे. अर्थात ते डोळे नव्हेत, कातडीवरचे ठिपके आहेत. एरवी अंगाच्या घडीत ते फारसे उठून दिसत नाहीत. मी काडीनं हलकेच टोचलं तशी अळी आखडली आणि ते दोन निळे डोळे माझ्याकडे रोखून बघायला लागले. मला सगळं माहीत असूनही माझा हात मागे आला. बुलबुलाचं किंवा शिंप्याचं काय होत असेल याची कल्पना करावी.

हा आव का आणावा लागतो, ते हिच्या खाण्यात आहे.

कण्हेर, तगर, सदाफुली, कुंडीत मिरवणारं ॲडेनियम, ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि यांतल्या बहुतेकांवर ही अळी वाढते. पान तोडलं की चीक येणारी ही मंडळी आपापल्या परीनं विषारी आहेत. सदाफुलीतल्या अल्कलॉइडांपासून तर कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं निघाली. पण कण्हेरीची गोष्ट निराळी. तिच्या पानात ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं असतात, ती थेट हृदयावर जातात. म्हणून गुरं कण्हेरीला तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच रस्त्यांच्या दुभाजकांवर ती बिनधास्त लावता येते. गणपतीच्या पत्रींत करवीर म्हणून कण्हेरीचं पान वाहतो आपण, पण प्रसादात काही ते घालत नाही.

हे विष काम कसं करतं ते समजून घेण्यासारखं आहे. प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. मज्जातंतूंमधून संदेश धावतात, हृदयाचा ठोका पडतो, तो या पंपाच्या जिवावर. कण्हेरीचं विष नेमकं या पंपाला जाऊन चिकटतं आणि तो बंद पाडतं. मग रोज उठून तीच पानं चरणारी अळी जगते कशी?

एक वाट आधीपासून माहीत होती. अमेरिकेतलं मोनार्क आणि त्याच्याच गोतातलं, आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर या फुलपाखरांनी पंपाचीच घडण जराशी बदलून घेतलीय. विषाला चिकटायला नीटशी जागाच उरलेली नाही. साहजिकच असं वाटत होतं की कण्हेर-पतंगानंही हेच केलं असेल. हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या जॉर्ज पेट्शेंका आणि सुझान डोब्लर यांनी तो पंप तपासला. २००९ साली त्यांचे निष्कर्ष आले ते उलटेच. या अळीचा पंप विषापुढे अगदी लेचापेचा निघाला. तुलनेसाठी त्यांनी वाळवंटी टोळ घेतला होता, ज्याचा कण्हेरीशी काही संबंध नाही. त्या टोळापेक्षाही हिचा पंप नाजूक. तरी विष थेट अंगात टोचलं तेव्हाही अळी मेली नाही!

कोडं सुटलं ते २०१३ साली. हिच्या मज्जारज्जूभोवती पेशींचं एक वेष्टन असतं. तसं ते सगळ्याच कीटकांना असतं, पण हिच्या वेष्टनाची राखण कडक आहे. काही प्रकारची विषं त्यातून आत झिरपूच शकत नाहीत. जी स्निग्ध स्वभावाची विषं सहज आत शिरू शकतील, त्यांना उचलून परत बाहेर टाकणारे प्रथिनांचे रखवालदार तिथे आहेत. घर आहे तसंच कच्चं, पण उंबऱ्यावर कुणीतरी कायम उभं.

आता मोनार्क आणि प्लेन टायगर काय करतात? ती विष अंगात साठवतात आणि त्याचा डांगोरा पिटतात. नारिंगी, काळं, पांढरं असे भडक रंग लेवून भर उन्हात सावकाश उडतात. एकदा तोंड भाजलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. कण्हेर-पतंगाचा स्वभाव याच्या नेमका उलट. विषाचं ताट रोज पुढ्यात असून त्यानं विषारीपणाची पाटी गळ्यात अडकवलेली नाही. त्यानं लपायचं ठरवलं. त्याचा सगळा पेहराव, अळीपासून पतंगापर्यंत, मला तरी याच एका गोष्टीतून उलगडतो.

अंडं फिकट हिरवं, पानाच्या रंगात विरघळणारं, कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवलेलं. त्यातून निघालेली अळी पिवळी असते, शिंग लांब आणि काळं. पाना-देठांचं खाणं सुरू झालं की ती हिरवी होते. मोठ्या अळीच्या कुशीवरून एक पांढरट रेघ जाते आणि तिच्या आजूबाजूला पांढरे ठिपके शिंपडलेले असतात, पानावर दव पडावं तसे. पानाची मधली शीर आणि ही रेघ सहज एकमेकींत मिसळून जातात. मी तीनदा फसलो ते याच रेघेपायी.

मी ती अळी डब्यात ठेवली, वर मलमलचं फडकं बांधलं आणि सकाळ-संध्याकाळ तगरीच्या डहाळ्या घालायला लागलो. खाण्याचा आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. रात्री घर शांत झाल्यावर डब्याला कान लावला की बारीक कुरकुर ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अळी पाठीवरून काळपट तपकिरी पडली होती.

"मेली बहुतेक. तुझ्या डब्यानं मेली," आई म्हणाली. दोनच दिवसांपूर्वी औषध मारायला निघालेली हीच.

पण ती मेली नव्हती, कपडे बदलत होती. पानावर आहे तोवर हिरवं असणं सोयीचं. कोशात जायची वेळ आली की झाडावरून उतरून माती तुडवत जावं लागतं, आणि मातीवर हिरवी अळी म्हणजे ताटात वाढलेली भाजी. म्हणून खाली उतरायच्या आधी ती मातीचा रंग घेते. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत डब्यात येरझारा घालत राहिली. मी तळाशी माती आणि वाळका पाला घातला, तेव्हा कुठे थांबली. पाल्याखाली चार धागे विणून ती आत शिरली. रेशमी कोसला वगैरे काही नाही, नुसता आडोसा. दोन दिवसांनी पाला हलकेच उचलला तर शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचा कोश, कुशीला काळे ठिपके आणि पोटाशी मधोमध एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे होऊ घातलेल्या पतंगाच्या सोंडेची जागा.

अठराव्या रात्री पतंग बाहेर आला.

त्याचं वर्णन करायला मला साडीच्या दुकानातले रंग लागतात. पुढच्या पंखांवर हिरव्याच्या निदान चार छटा: शेवाळी, मेंदी, पोपटी आणि जुन्या पितळेवर येतो तो कळकट हिरवा. त्यांतून वळसे घेत जाणारा एक फिकट गुलाबी पट्टा. मोतिया रंगाच्या रेघा. पंखाच्या टोकाकडे आमसुली झाक असलेला एक डाग. खांद्याशी एक पांढुरकी टिकली आणि तिच्यात गडद हिरवा ठिपका, पुन्हा डोळ्यासारखा. मागचे पंख मात्र साधे, आत काळपट आणि कडेला मळकट हिरवे, कारण बसल्यावर ते दिसतच नाहीत. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ९ ते ११ सेंटिमीटर भरतात. बसतो तेव्हा पंख मागे ओढून लढाऊ विमानासारखा त्रिकोण करतो.

इतके रंग आणि हा म्हणे लपतो? मलाही आधी पटलं नव्हतं. पण त्याला पांढऱ्या भिंतीवर न बघता झाडात बघावं. तगरीच्या दाट पानांत ठेवला आणि चहा घेऊन आलो, तर सापडेना. एकसारख्या हिरव्या रंगाचा पतंग असता तर त्याची कड तरी दिसली असती. इथे गुलाबी पट्टा आणि मोतिया रेघा पंखांची कडच तोडून टाकतात. नजरेला पतंग असा एक आकार मिळतच नाही. काही उजेडाचे कवडसे, काही सावल्या, एखादं पिकलं पान, असे सुटे तुकडे दिसतात. लष्कराच्या गणवेशावर ठिगळं ठिगळं रंगवतात ती याच हिशेबानं.

संध्याकाळ झाली आणि तो थरथरायला लागला. याला घाबरणं समजू नये. हे कूळ उडायच्या आधी पंखांचे स्नायू असे थरथरवून तापवून घेतं, थंड अंगानं त्यांना उडताच येत नाही. दोन-एक मिनिटं घरघर चालली आणि मग तो सुटलाच. अंधार पडताना हे पतंग जाई-जुई, पेटुनिया अशा वासाच्या फुलांवर येतात आणि फुलावर न बसता हवेत एका जागी तरंगत लांब सोंडेनं मध ओढतात. आमचा गडी फुलांकडे गेला नाही. ओसरीवरच्या ट्यूबलाइटवरून सरळ निघून गेला, दिव्याकडे वळलासुद्धा नाही.

दिव्यावर झेपावून जळून मरणारा तो पतंग, असं आपण शतकानुशतकं मानत आलोय. शाहिरांपासून शायरांपर्यंत सगळ्यांचं भांडवल ते. एका पतंगावरून काही सिद्ध होत नाही, पण २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला आणि मला आमचा पाहुणा आठवला. कीटक दिव्याभोवती का घुटमळतात ते शोधायला संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं होतं. कीटक दिव्याकडे ओढले जातच नाहीत, असं त्यांत दिसलं. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. उजेड आकाशातच असायचा, त्यामुळे वर कुठे नि खाली कुठे ते कळायचं. आता उजेड खांबावर आला, तेव्हा बिचारे त्याच्याकडे पाठ करत करत गरगरत राहतात. जवळपास सगळे कीटक हे करताना दिसले. जे दिव्यावरून निमूट उडून गेले, त्यांत एक होती फळांवर घोंगावणारी चिलटासारखी फळमाशी आणि दुसरा हा कण्हेर-पतंग. तो असा का वागतो हे अजून उलगडलेलं नाही.

हा राहतो कुठे, याचं उत्तर पटकन देता येतं: जिथे थंडीत बर्फ पडत नाही आणि कण्हेर किंवा तिचं कुणी नातलग आहे तिथे. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, पश्चिम आशिया, हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंतचा आपला टापू आणि पुढे आग्नेय आशिया. पण ही यादी म्हणजे नकाशाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा त्याच्या पंखांच्या ताकदीनं काढलाय. दर उन्हाळ्यात दक्षिणेकडून काही पतंग युरोपात उत्तरेला निघतात, आल्प्स ओलांडतात, एखाद्या चांगल्या वर्षी थेट इंग्लंडपर्यंत पोचतात. तिथे याचं दिसणं म्हणजे पतंगप्रेमींची दिवाळी. मध्य युरोपात हौसेनं कुंडीत लावलेल्या कण्हेरीवर ते अंडी घालतात, अळ्या वाढतात, कोश होतात आणि पहिल्या कडाक्यात मरून जातात. पुढच्या वर्षी दक्षिणेकडून नवी खेप. इंग्रज पतंगप्रेमी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात, तो आमच्याकडे फुकट येऊन पानं खातो आणि आम्ही औषध शोधतो.

हवाई आणि ग्वाम या पॅसिफिकमधल्या बेटांवर तो मुळात नव्हता, आता आहे. तो तिथे रुजला, कारण माणसानं त्याचं ताट आधीच मांडून ठेवलं होतं. कण्हेर शोभेसाठी जगभर गेली. सदाफुली मूळची मादागास्करची, आज ती कोकणातल्या पायरीच्या फटीतही उगवते. ॲडेनियम आफ्रिका-अरबस्तानातून आलं आणि गच्चीवरच्या कुंड्यांत बसलं. आपण बागा लावत गेलो आणि याचा मुलूख वाढत गेला. महामार्गाच्या दुभाजकावरून मैलोन्‌मैल जाणारी गुलाबी कण्हेर बघितली की मला हल्ली वाटतं, एवढी लांब पंगत दुसऱ्या कुठल्या पतंगाला कुणी वाढली नसेल.

भारतातल्या हॉक मॉथ कुळाची बारकाईनं ओळख करून देणारं पुस्तक १९३७ सालचं आहे, बेल आणि स्कॉट यांचं. त्यातले टी. आर. बेल हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी. कारवारला राहिले आणि १९४८ साली कारवारलाच वारले. त्यांना अळ्यांचा नाद लावणाऱ्या मित्रांत 'ईएचए' या नावानं लिहिणारे एडवर्ड एटकिन होते, मीठ आणि जकात खात्यातले, जन्मानं सातारचे. कचेरीचं काम संपवून ही माणसं रानातून अळ्या आणायची, पाळायची, कोणती काय खाते, कधी रंग बदलते ते लिहून ठेवायची. पतंग मारून टाचणीला लावणारे त्या काळी पुष्कळ होते, पण अळीला रोज ताजा पाला घालणं हे वेगळंच काम. थोडे दिवस मीही तेच केलं, तेव्हा त्या कामातली चिकाटी कळली.

तगरीचं म्हणाल तर पंधरवड्यात त्या तीन फांद्या पुन्हा पोपटी झाल्या. दसऱ्यापर्यंत कुठली खाल्ली होती ते ओळखूही येईना. आई अजून परडी घेऊन जाते, पण फुलं काढायच्या आधी खाली फरशीवर एक नजर टाकते. तुमच्याही तगरीचा किंवा सदाफुलीचा शेंडा एके दिवशी बोडका दिसेल. फवारणीचा पंप शोधण्याआधी खाली बघा. मिऱ्यासारख्या लेंड्या पडलेल्या असतील तर तिथेच उभे राहा आणि बरोबर वर बघा. पहिल्या तीन वेळा काही दिसणार नाही.